मशीनीच्या पाठीमागचा देव

शनिवार होता, सकाळचे साडेनऊ वाजले होते. हिरडबोडीतलं अर्धं गाव दामिनीच्या ओसरीत मावलं होतं आणि उरलेलं अर्धं खिडकीच्या गजांना लोंबत होतं. कुणी धान कापायचा इळा कमरेला खोचूनच आलं होतं, कुणी तोंडातल्या कडुनिंबाच्या काडीसकट. सगळ्यांचे डोळे कोपऱ्यातल्या टेबलाकडे. तिथं दामिनीच्या ऑनलाइन सेंटरचा एकुलता एक कॉम्प्युटर मांडलेला होता. पडदा काळा कुळकुळीत. वर डाव्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ तेवढी उघडझाप करत होती.

"पाहा पाहा, डोळा मारून राहिलं!" खिडकीतून कुणीतरी किंचाळलं.

"कोणाले? तुले का मले?" दामिनीचा दीर धनीराम म्हणाला. "मले असंन तं सांगून द्या बापा, माहं लगन झालं हाय म्हणा."

ओसरी खुदखुदली. पण तोंडावर हात ठेवून, कारण टेबलासमोर पाटावर यंत्रनाथ महाराज बसले होते. कफनी भगवी, दाढी मेंदीनं लाल, गळ्यात रुद्राक्षांच्या माळेला मधोमध कुठल्याशा जुन्या रेडिओच्या पोटातला हिरवा तुकडा लटकवलेला. महाराजांनी एक डोळा मिटला, एक उघडा ठेवला.

"भक्तहो! माणसाच्या देहात आत्मा, तसा मशीनीच्या देहात विद्युत-आत्मा! ब्रह्मांडाचा सर्व्हर वर, आपण सगळे खाली. मधला सिग्नल कोणी कापला? नजरेनं कापला! मला सांगा, वायफाय डोळ्यांना दिसतो का?"

"नाही जी!"

"भूत दिसतं का?"

"नाही जी!"

"मग? दोन्ही एकच की नाही?"

"होऽऽ जी!" ओसरी गरजली.

"मंग वायफायचा बी उतारा करा ना, महाराज," धनीराम म्हणाला. "आमच्या कोठ्यापर्यंत पोचतच नाही. म्हशी उपाशी हायेत."

महाराजांनी ऐकलं न ऐकलंसं केलं. भगवी शाल उघडली आणि टेबलाखालच्या कॉम्प्युटरच्या डब्यावर अशी टाकली की डबाही झाकला आणि महाराजांचे दोन्ही हातही कोपरापर्यंत झाकले. मग सुरू झालं, "ॐ ह्रीं क्लीं, करंटाय नमः, व्होल्टाय नमः, विंडोजाय फट् स्वाहा!" शालीखाली काहीतरी वळवळलं. लिंबू कापलं. उदबत्तीचा धूर पडद्यापुढून सरकला. खट्कन बटण वाजलं.

ओसरीनं श्वास धरला.

आणि काळ्या पडद्यातून, पहाटेच्या तळ्यावर उजेड पसरावा तसा, निळा उजेड पसरला. मशीनीनं आपली ती गोड चार सुरांची घंटी वाजवली. बायांनी हात जोडले. माजी सरपंच श्यामराव, ज्यांच्या घरी महाराजांचा मुक्काम होता, ते तर डोळे पुसू लागले. पाठोपाठ डब्यातून महाराजांच्याच आवाजातली आरती सुरू झाली आणि सगळी ओसरी टाळ्यांनी ठेका धरू लागली.

दारात तबक घेऊन उभी असलेल्या दामिनीनं मनात मोजलं. हे पाचवं लिंबू.

गोष्ट सुरू झाली होती मंगळवारी. महाराज आपली पत्रकं छापून घ्यायला सेंटरवर आले आणि मशीनीकडे पाहून हळहळले, "माउली, एवढं मोठं यंत्र, आणि कवच नाही?" दामिनीच्या सासूला, चंद्रकलाबाईंना, एवढं पुरे झालं. त्या माउलीचा मशीनीवर भारी जीव. रोज दिवेलागणीला देवापुढं दिवा लावला की पहिलं काम मशीन बंद करायचं, भिंतीवरचं बटणसुद्धा बंद करायचं, वर धुतलेला टॉवेल पांघरायचा. "दिवसभर राबली बिचारी, निजू दे आता तिले." गावात सगळे म्हणत, चंद्रकलाबाईंनी सुनेला नसंल जपलं एवढं मशीनीला जपलं. दामिनीलाही त्यात राग नव्हता. सासू मशीन निजवते, सून मशीन उठवते, घर चालतं.

तर महाराजांनी मंगळवारी कवच बसवलं. सगळ्यांना डोळे मिटून एकशे आठ नावं म्हणायला लावलं. साठाव्या नावाला दामिनीच्या नाकावर माशी बसली. तिनं एक डोळा उघडला. पडद्यावर कधी न पाहिलेला निळा पट दिसत होता, त्यावर पांढरी अक्षरं, आणि महाराजांची बोटं भराभरा चालली होती. डोळा मिटला. नंतर महाराजांनी कमंडलूतून एक पितळी टाक काढला. रुपयाएवढा, वर देवाचा मुखवटा, खाली चपटी जीभ. तो त्यांनी डब्याच्या पाठीमागच्या फटीत हळूच बसवला. "आतमध्ये माझ्या आवाजातल्या आरत्या आहेत, प्रवचनं आहेत. दिवसभर गातील. सोवळ्यात नसलेल्या हातानं शिवायचं नाही."

मंगळवारी दिवसभर देव गायला. संध्याकाळी चंद्रकलाबाईंनी मशीन निजवली. बुधवारी सकाळी दामिनीनं बटण दाबलं आणि पडद्यावर ही मिचमिचणारी रेघ. तेव्हापासून रोज सकाळी तेच. महाराज यायचे, शाल पांघरायचे, मशीन उठायची, आणि श्यामरावांच्या घरून महाराजांसाठी खास चिन्नोरचा भात शिजल्याचा वास गल्लीभर सुटायचा.

एवढ्यावर भागलं असतं तर हसण्यावारी गेलं असतं. पण धान विकायची नोंदणी चालू होती, मुदत आठवड्याची उरली होती, आणि रोजचे दोन तास उताऱ्यात जात होते. लोक कावले होते. कावलेल्या लोकांना कुणीतरी हवं असतं.

आरती संपली. महाराज उठले नाहीत. "आज मला दिसलं," ते हळू म्हणाले. "शुक्रवारी भरदुपारी यंत्र अचानक पडलं. त्या क्षणाला इथं कोण होतं?"

दामिनीला आठवलं. शुक्रवारी दुपारी रुखमाबाई आली होती. तळ्याकाठच्या पाळीवर एकटी राहणारी, सत्तरीची बुढी. रेशनसाठी अंगठा द्यायला आली होती. दामिनीनं सहा वेळा अंगठा ठेवून घेतला, सहा वेळा मशीन म्हणाली, जुळत नाही. आणि सातव्या वेळेला गावची लाइन गेली. पाच मिनिटांनी आली, तर पडदा काळा. महाराजांना भरदुपारी बोलवावं लागलं होतं.

"अंगठ्याला रेघच नाही!" महाराज कडाडले. "जिला यंत्र माणूस म्हणून ओळखत नाही, ती कोण? सांगा, कोण?"

चार-दोन माना तळ्याच्या बाजूला वळल्या.

"सोमवारी सकाळी तिला इथं आणा. चुलीची राख हातात देऊन सगळ्यांसमोर वेशीबाहेर काढा. चाळीस दिवस गावात पाय नको. यंत्र आपोआप सुधारेल."

"पर महाराज," धनीरामचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला, "चाळीस दिवस? तिच्या शिंगाड्याचे आताच दिवस हायेत."

"मग तुमच्या धानाचे दिवस जाऊ द्या," महाराज म्हणाले. आणि श्यामरावांनी मान हलवली. त्यांच्या मानेबरोबर ओसरी हलली.

दामिनीला लहानपणापासून धानाच्या रोवणीची गाणी येत होती, आणि सासरी आल्यावर त्यांतली निम्मी तिनं रुखमाबाईकडूनच घेतली होती. चिखलात वाकून, एका सुरात, पावसाच्या तालावर. त्या बाईला राख देऊन काढायचं?

तिनं मागल्या अंगणात जाऊन लाखनीच्या वीरेंद्रला फोन लावला. त्याचं हायवेला दुकान, ही मशीन त्यानंच दिलेली.

"ताई, रोज सकाळी काळा पडदा? मागे काही लावलं आहे का? पेनड्राइव्ह, बाहेरची हार्डडिस्क, कायबी?"

"नाही जी दादा, काहीच नाही."

"नीट पाहून सांगा."

दामिनी आत गेली, वाकली, पाहिलं. मागं विजेची तार होती, पडद्याची तार होती, माउसची तार होती, आणि देव होता. "काहीच नाही, दादा," ती खात्रीनं म्हणाली.

"मंग घेऊन या इकडे."

धनीराम मोटारसायकल काढतो तोवर चंद्रकलाबाईंनी आंघोळ केली, ओलेत्यानं आल्या, टाक हळूच उपटला, तांदळाच्या ताटलीत ठेवून देव्हाऱ्यात नेला. "देव काय पायाजवळ बांधून नेता का मोटारसायकलवर? अना लाखनीले ट्रकांची केवढी धूळ!" मग धनीराम डबा पोत्यात गुंडाळून निघाला.

लाखनीत वीरेंद्रनं बटण दाबलं. मशीन टुणकन उठली. पाच वेळा बंद केली, पाच वेळा उठली.

"ताईले सांगा, मशीन ठणठणीत हाय," वीरेंद्र धनीरामला म्हणाला. "चालती मशीन मी कायले उघडू?"

संध्याकाळी मशीन घरी आली. चंद्रकलाबाईंनी पुन्हा आंघोळ केली, देव पुन्हा जागेवर बसवला, मशीनीवर टॉवेल पांघरला. रविवारी सकाळी बटण दाबलं.

मिचमिच. मिचमिच.

आता तर गावाची खात्रीच पटली. "लाखनीत चालते, हिरडबोडीत बसते! मंग दोष मशीनीत नाही, गावात हाय! अना गावाचं गऱ्हाणं गावासमोरच मिटवू!" श्यामराव चौकात सांगू लागले. महाराजांनी सहावं लिंबू कापलं आणि उद्या सोमवार असल्याची आठवण करून दिली.

दामिनी दुपारी तळ्यावर गेली. काय सांगायचं ते ठरवून गेली नव्हती. रुखमाबाई पाळीवर पाय पसरून बसली होती, समोर ओल्या शिंगाड्यांचा ढीग, आणि कुणाची वाट न पाहता गात होती,

रोवता रोवता माय, रेघा चिखलात गेल्या,
बांधीबांधीतून वर हिरव्या होऊन आल्या.

"नवं हाय का वो हे?" दामिनीनं विचारलं.

"परवा तुह्या मशीनीनं हाकललं, तवाच सुचलं." म्हातारीनं तिच्या पुढ्यात एक शिंगाडा सोलून धरला. "खा. रडू नोको. मी उद्या येतो. राख बी आणतो. मले फक्त एक सांग पोरी, तू शिकलेली हायस म्हणून विचारतो."

"विचार ना."

"तुही सासू पाण्याले आली होती, सांगत होती साऱ्यायले. म्हणे, आंघोळ केली, देव काढला, ताटलीत ठेवला, मंग मशीन लाखनीले धाडली. तिथं चालली. घरी आणली, आंघोळ केली, देव बसवला. मशीन बसली." रुखमाबाईनं काटेरी शिंगाड्यावर पुन्हा सुरी ठेवली. "लाखनीले मी बी नोहतो, देव बी नोहता. इथं मी बी हावो, देव बी हाय. मंग म्हाराजानं मलेच काहून धरलं? दोघायची बी चौकशी करा ना."

दामिनीच्या तोंडातला शिंगाडा तोंडातच राहिला.

"अना अजून एक," म्हातारी म्हणाली. "रोज सकाळी बसते म्हणतेस. मी कधी सकाळी आली तुह्या घरी? सकाळी तं मी तळ्यात गळ्यापर्यंत राहतो."

मग दामिनी पळाली. पदर खोचून, चप्पल हातात घेऊन, बांधावरून, कुणाच्या तरी कोंबड्या उधळत. घरी सासू नव्हती, शेतावर गेली होती. दार लावलं. मशीन बंद केली. डब्यामागं हात घातला, आणि टाकाला बोट लागताच हात आपोआप मागं आला. सोवळं नव्हतं. पायाला चिखल होता. ती एक क्षण तशीच वाकून राहिली. मग तिला डोळ्यांपुढं राख दिसली, रुखमाबाईच्या हातात. तिनं हात जोडले, पुटपुटली, "रागावू नका देवा, पर एका बाईचं घर हाय हे," आणि टाक उपटला.

बटण दाबलं. मशीन उठली.

बंद केली. टाक लावला. बटण दाबलं. मिचमिच.

काढला. उठली.

लावला. मिचमिच.

पाचव्या वेळी तिला हसू फुटलं. असं हसू, की थांबेना. ती जमिनीवर बसून, टेबलाच्या पायाला धरून हसली. अंगणातली कोंबडी दारातून डोकावून गेली. डोळे पुसत तिनं वीरेंद्रला फोन लावला.

"दादा, मागं देव लावला होता."

"काय?"

"देव. पितळेचा. त्यात आरत्या आहेत."

"ताई," वीरेंद्र म्हणाला, "मी तुम्हाला शनिवारी दोनदा विचारलं होतं, मागे काही लावलं आहे का?"

"तुम्ही 'काही' विचारलं दादा. देव म्हणून कुठं विचारलं?"

मग दोघंही हसले. वीरेंद्रनं तिला सांगितलं, मशीन सुरू करताना कोणतं बटण दाबून धरायचं. पडद्यावर निळा पट आला. मंगळवारी साठाव्या नावाला दिसला होता तोच. दामिनीचं हसू थांबलं. तिथं एक यादी होती. उठताना मशीनीनं आधी कुणाला विचारायचं, मग कुणाला, त्याची.

"पहिलं नाव काय हाय?"

"यूएसबी."

"दुसरं?"

"हार्डडिस्क."

"मी दिली तवा हार्डडिस्क पहिली होती, ताई. मी सोता लावून देतो. हे आपोआप नाही झालं. कोणीतरी बसून केलं. थांबा, बदलायची कशी ते सांगतो."

"आज नको, दादा," दामिनी म्हणाली. "आज राहू द्या तशीच. उद्या लागंल."

सोमवारी गाव ओसरीत मावेना म्हणून टेबल अंगणात काढलं. रुखमाबाई आली. धुतलेलं लुगडं, एका हातात राखेचं मडकं, दुसऱ्यात शिंगाड्याची पिशवी. "राख म्हाराजाची, शिंगाडे पोरायचे," तिनं जाहीर केलं, आणि पोरं तुटून पडली. पडदा काळा, रेघ डोळा मारत होती. महाराजांनी शाल झटकली.

"महाराज," दामिनी पुढं झाली, "आज शाल नको. गर्मी होते देवाला."

"काय?"

"उघड्यावर करा ना. साऱ्यांना दिसू द्या चमत्कार."

"अवो सूनबाई," श्यामराव उठले, "महाराजासंग असं बोलतेत?"

"श्यामरावकाका, तुम्हीच म्हणाले ना, गावाचं गऱ्हाणं गावासमोर? बसा तुम्ही. तुमच्या हातानंच करू." आणि तिनं डब्याचं तोंड फिरवलं, पाठ सगळ्यांकडे. ऊन पितळी मुखवट्यावर चमकलं. "आई," ती सासूला म्हणाली, "तुम्ही आंघोळ केली ना? देव काढा. तुमचाच हात चालतो."

चंद्रकलाबाईंनी महाराजांकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, आणि रुखमाबाईच्या मडक्याकडे पाहिलं. पुढं येऊन टाक काढला, पदरात घेतला.

"आता बटण रुखमाबाई दाबंल."

"ती? ती पापी—" महाराज ओरडले.

रुखमाबाईनं मडकं खाली ठेवलं, शिंगाड्यांनी काळं पडलेलं बोट लुगड्याला पुसलं, आणि बटण दाबलं. चार सुरांची घंटी वाजली. अंगणभर निळा उजेड.

"वा रे बुढी!" धनीराम नाचलाच. "महाराजाले सहा लिंबं लागली, हिले एक बी नाही!"

"योगायोग!" महाराज म्हणाले. "विद्युत-आत्म्याची लहर—"

"मंग लहर मोजू," दामिनी म्हणाली. बंद केली. टाक लावला. बटण श्यामरावांना दाबायला लावलं. मिचमिच. श्यामरावांनी दचकून हात मागं घेतला.

"पाहा, श्यामरावकाकाची नजर लागली! राख द्या काकाले!" कुणीतरी मागून ओरडलं, आणि अंगण असं हसलं की कडुनिंबावरचे कावळे उडाले. काढला, उठली. लावला, बसली. आता पोरंच म्हणू लागली, "देव काढा!" "घंटी!" "देव लावा!" "डोळा!" जणू नवा खेळ सापडला.

"कवच रागावलं आहे," महाराज घाम पुसत म्हणाले. "अशुद्ध हातांनी—"

"बरं. कवच नकोच." दामिनीनं हात पुढं केला. "भाऊजी, तुमचा द्या."

धनीरामनं खिशातून एक तुटका, काळा पेनड्राइव्ह काढला. त्यात ट्रॅक्टरवर वाजवायची गाणी होती, आईसमोर न वाजवण्यासारखी. दामिनीनं तो मागं लावला, बटण दाबलं.

मिचमिच. मिचमिच.

अंगणातला खेळ थांबला. माणसं विचार करत होती.

"धनीरामच्या गाण्यात बी भूत हाय का?" एक बाई हळूच म्हणाली.

"भूत नाही, वहिनी, नाचणं हाय," धनीराम म्हणाला.

"भूत कशातच नाही," दामिनी म्हणाली. "ऐका. रोवणीत रांगेला पहिली बाई कोणती लावता? जिला येते ती. तिनं रोवलं की रांग चालते. या मशीनीत पण रांग आहे. सकाळी झोपेतून उठली की ती पहिल्या नंबरवाल्याला विचारते, मी कशी उठू? आधी तिथं घरचीच हार्डडिस्क होती. तिला सगळं येते. मंगळवारी एकानं तुम्हाला डोळे मिटायला लावलं, आणि रांगेत पहिली पाहुणी उभी केली. बाहेरून लावलेली वस्तू, कोणतीपण, हा टाक असो की भाऊजींचा पेनड्राइव्ह. पाहुणीला गाणी येतात, रोवता येत नाही. ती उभी, मागची सारी रांग उभी. तीच ही रेघ. मशीन मेली नाही, भारली नाही, वाट पाहून राहिली आहे."

"अना दिवसभर कशी चालते मंग?" श्यामरावांनी विचारलं. आवाजात आता ऐट नव्हती.

"एकदा उठली की पाहुणी कितीही गाऊ दे, काम अडत नाही. आई रोज संध्याकाळी निजवतात म्हणून रोज सकाळी अडते. शुक्रवारी लाइन गेली म्हणून दुपारी अडली. लाखनीला आईंनी देव घरी ठेवला म्हणून अडली नाही. आणि शालीखाली महाराज करत काय होते? हेच." तिनं धनीरामचा पेनड्राइव्ह उपटून वर धरला. "काढायचे, बटण दाबायचे, उठली की परत लावायचे."

महाराज पाटावर नव्हते. गर्दीच्या कडेनं सरकत फाटकापर्यंत पोचले होते. पण फाटकात धनीरामचा ट्रॅक्टर आडवा होता, आणि चावी धनीरामच्या खिशात. महाराजांची झोळी ट्रॅक्टरच्या हुकाला अडकून फाटली. खळखळ करत अंगणात पितळी टाक सांडले, वीसेक तरी असतील, आणि त्यांच्याबरोबर एक पेचकस.

"एवढे देव?" चंद्रकलाबाई म्हणाल्या. "अना एवढ्या मशीनी?"

श्यामरावांनीच पोलीस पाटलाला बोलावलं. दामिनीनं पाटलाला आठवण करून दिली, बाईवर करणीचा आळ घेऊन तिला गावाबाहेर काढायला लावणं या राज्यात गुन्हा आहे, कायदा आहे त्याला. पाटलासोबत जाताना महाराज ब्रह्मांडाच्या सर्व्हरबद्दल काही बोलले नाहीत. श्यामराव रुखमाबाईसमोर येऊन मान खाली घालून उभे राहिले. म्हातारीनं त्यांच्या हातात राखेचं मडकं दिलं.

"भांडे घासायले ने, बाजारच्या भुकटीपेक्षा बेस हाय," ती म्हणाली.

मग दामिनीनं निळा पट उघडला, सगळ्यांना डोळे उघडे ठेवायला सांगितले, आणि हार्डडिस्क पहिल्या नंबरवर नेली. टाक लावून बटण दाबलं. मशीन उठली. काढून दाबलं. उठली. चंद्रकलाबाईंनी तो टाक परत मागून घेतला. "देव तं देवच हाय. पर माह्या देव्हाऱ्यात. मशीनीत मशीनीचं राहू द्या."

गर्दी नोंदणीच्या रांगेत वळू लागली, तशी दामिनीनं रुखमाबाईला खुर्चीवर बसवलं. अंगठा ठेवला. जुळत नाही. दुसरा अंगठा. जुळत नाही. दामिनीनं तर्जनी ठेवली, मधलं बोट ठेवलं. मग म्हातारीच्या उजव्या हाताचं चौथं बोट, जे शिंगाड्याच्या काट्यावर कधी टेकत नाही, ते ओल्या फडक्यानं पुसून काचेवर ठेवलं.

हिरवी खूण उमटली. खाली नाव आलं.

"ओळखलं का वो मले?" रुखमाबाईनं विचारलं.

"ओळखलं. तुझं काही चुकलं नव्हतं. आम्ही दुसरं बोट लावून पाहिलं नव्हतं."

वाचणाऱ्यांनो, तुमच्याही गावात उद्या काहीतरी बसेल. मशीन बसेल, मोटर बसेल, गाय दूध देणार नाही, पोर तापानं फणफणेल. कुणीतरी शाल घेऊन येईल आणि डोळे मिटा म्हणेल. तुम्ही डोळे उघडे ठेवा. आधी मागं जाऊन पाहा, काय लावलं आहे ते. एकदा काढून पाहा, एकदा लावून पाहा, आणि कुणी विचारलं तर 'काहीच नाही' म्हणू नका. देव लावला असेल तर देव लावला आहे असंच सांगा. कळत नसेल तर कळणाऱ्याला विचारा. हे सगळं करून झाल्यावरही बोट दाखवावंसं वाटलं, तर ज्या बाईकडे दाखवणार तिच्याजवळ जाऊन बसा, शिंगाडा खा, आणि तिला काय दिसलं ते तिलाच विचारा.